अण्णांच्या टोपीवरचा कावळा

माझे वडील वारले त्या दिवशी संध्याकाळी त्यांनी दोन ज्वारीच्या भाकरी खाल्ल्या आणि पिठल्यात मीठ कमी पडल्याची तक्रार केली.

हे सगळं माझ्यामुळे झालं. (आमच्या घरात जे काही होतं ते माझ्यामुळेच होतं, असं माझं प्रामाणिक मत आहे. नळाला पाणी आलं नाही तरी मला आत कुठेतरी टोचतं.) मी शाळेत भूगोल शिकवतो. डॉक्टरांनी साखरेसाठी रोज चालायला सांगितलं होतं. त्यांनी फक्त चालायला सांगितलं होतं. कॅमेरा घेऊन चाला असं ते म्हणाले नव्हते. म्हणजे त्यांच्यावरही काही ढकलता येत नाही.

कॅमेरा आमच्या पूजाचा, म्हणजे माझ्या मुलीचा. ती संभाजीनगरला शिकते. तिकडच्या पोरापोरींमध्ये सध्या जुने, छोटे डिजिटल कॅमेरे वापरायची टूम निघाली आहे. मोबाइलमध्ये फोटो फारच स्वच्छ येतात म्हणे, आणि ते त्यांना आवडत नाही! तिनं असाच एक कुणाकडून तरी घेतला, चार दिवस मिरवला आणि सुट्टीत घरी विसरून गेली. साबणाच्या वडीएवढा होता. बटण दाबलं की 'झिंऽऽ' असा आवाज करत कासवानं मान काढावी तशी त्याची नळी बाहेर येई. मला तो फार आवडला. मी मोबाइलवर रस्त्यावरच्या फोटोग्राफीचे धडे बघायला लागलो.

एक दाढीवाला तरुण त्यात सांगत होता, "रस्त्यावर उतरा. माणूस बेसावध असतो तेव्हाच खरा असतो. त्याला कळायच्या आत टिपा."

माझ्या अंगावर काटा आला. आयुष्यात मी कुणाच्या नकळत काहीही केलेलं नाही. लहानपणी गुळाचा खडा चोरला तरी आधी आईला सांगून चोरला होता.

तरी मी आमच्या जालन्यातल्या मस्तगडच्या रस्त्यावर उतरलो. पण माझी पद्धत जरा वेगळी पडली. बटण दाबलं की मला लगेच अपराधी वाटायचं आणि फोटो निघायच्या आतच मी माफी मागायला धावायचो.

"मावशी, माफ करा. मी तुमचा फोटो काढला."

"माहा? कामून?" भाजीवाल्या मावशींनी विचारलं.

"कला म्हणून."

"मंग आधी सांगायचं ना, पदर तरी नीट घेतला असता! थांब. आता काढ." आणि मावशी हातात कोथिंबिरीची जुडी धरून, श्वास रोखून, आधार कार्डाला उभं राहावं तशा उभ्या राहिल्या. पाठोपाठ गिऱ्हाइकंही उभी राहिली.

एका गृहस्थांनी तर मला नगरपालिकेचा माणूस समजून गल्लीतल्या तुंबलेल्या गटाराचा फोटो काढायला लावला. माझ्या पहिल्या शेकड्यात तेवढा एकच फोटो स्थिर आला. गटाराची माफी मागायची नसते ना!

रोज संध्याकाळी मी अण्णांना फोटो दाखवायचो. अण्णा म्हणजे माझे वडील, ऐंशीच्या पुढचे. पांढरं धोतर, पांढरी टोपी, नजर शाबूत. ते कॅमेऱ्याचा छोटा पडदा डोळ्यांपाशी धरून एकेक फोटो तपासायचे आणि निकाल द्यायचे.

"हाललाय. हाललाय. ह्यो बी हाललाय. परभ्या, भूकंपात काढून राह्यला का रे?"

मग ती दुपार आली.

उन्हाळ्याची सुट्टी होती. ऐन मे महिन्यातल्या मस्तगडच्या दुपारला दुपार म्हणत नाहीत, ती काहीतरी वेगळीच गोष्ट असते. दुकानांची शटरं अर्धी खाली. रस्त्यावर माणूस नाही, कुत्रं नाही, आवाज नाही. ऊन इतकं पांढरं की चुन्यानं रंगवलेल्या भिंती त्यात विरघळून जातात. भिंत कुठे संपली आणि आभाळ कुठे सुरू झालं ते कळत नाही. कुठल्यातरी घरात कुकरची शिट्टी सुरू झाली आणि घाबरल्यासारखी अर्ध्यातच थांबली.

गल्लीच्या तोंडाशी रफिकभाईंचं केस कापायचं दुकान आहे. अण्णा रोजच्यासारखे बाहेरच्या बाकावर बसून डुलक्या घेत होते. मी समोर उकिडवा बसलो, कॅमेरा जमिनीलगत धरला आणि पडद्यात बघितलं. अण्णांच्या टोपीवर कावळा बसला होता.

मी श्वाससुद्धा घेतला नाही. एक, दोन, तीन अशी तीनदा कळ दाबली. मान वर केली तेव्हा ऊन डोळ्यांत घुसलं, काही दिसेना. डोळे चोळून बघतो तर अण्णा होते, टोपी होती, कावळा नव्हता. उडाल्याचा आवाजही आला नव्हता.

पहिला फोटो बघितला. हललेला नव्हता! अण्णांच्या सुरकुत्या मोजता येत होत्या, कावळ्याची पिसं मोजता येत होती. मागे नुसतं पांढरं, जणू दोघं या जगात नव्हतेच. अण्णांचे डोळे मिटलेले. कावळ्याचे उघडे, आणि ते थेट माझ्याकडे रोखलेले. जणू दोघांत मिळून डोळ्यांची एकच जोडी होती आणि ती सध्या कावळ्याकडे होती.

बाकीचे दोन मी बघितलेच नाहीत. पडद्यावर सरकवताना ते हललेले आहेत एवढं दिसलं. हललेल्या फोटोंची मला काय नवलाई!

मी तडक फोटो स्टुडिओत गेलो. तिथल्या माणसानं चित्र पडद्यावर मोठं केलं, क्षणभर मान खाली घातली आणि हळू आवाजात विचारलं, "कधी झालं?"

"आत्ता दुपारी!" मी आनंदानं म्हणालो.

"अरेरे. त्रास झाला का फार?"

"छे हो! बसल्या बसल्या. त्यांना कळलंसुद्धा नाही."

"भाग्यवान माणूस," तो म्हणाला. "फ्रेम करून मीच घरी आणून देतो, सर. तुम्हाला आता कुठं धावपळ." मला वाटलं, काय कलेची कदर आहे या माणसाला!

घरी येऊन मी सुनंदाला फोटो दाखवला. सुनंदा म्हणजे माझी बायको. ती कणीक मळत होती. तिनं पडदा बघितला आणि कणकेचा हात तसाच तोंडावर नेला.

"अहो! डोक्यावर कावळा!"

"हो ना! मांडणी बघ. प्रकाश बघ."

"प्रकाश कुठं घालून राह्यले? जित्या माणसाच्या डोक्यावर कावळा बसला म्हणजे काय असतं, माहिती न्हाई तुम्हाला?"

माहीत होतं. आमच्याकडे सगळ्यांनाच माहीत असतं. कावळा डोक्यावर बसला की त्या माणसाचं बोलावणं आलं. उतारा एकच. त्याच्या रक्ताच्या माणसाला तो मेल्याची खोटी बातमी द्यायची. ते माणूस खरं मानून रडलं पाहिजे. त्या रडण्यावर मरण भागतं आणि माघारी जातं. मग खरं सांगून टाकायचं. ज्याच्या डोक्यावर कावळा बसला त्याला मात्र यातलं काहीही कळू द्यायचं नाही.

"तुम्ही काय केलं, कावळा बसला तव्हा?"

"फोटो काढला."

"हाकलला न्हाई?"

"हाकलला असता तर फोटो आला नसता."

सुनंदा माझ्याकडे बघत राहिली. मीही माझ्याकडे आतून बघत राहिलो. समोर वडिलांचं मरण येऊन बसलं होतं आणि मी मांडणी बघत होतो!

तरी मी भूगोलाचा शिक्षक आहे. मी म्हणालो, "असलं काही नसतं." आणि मग मला सगळीकडे कावळे दिसायला लागले.

जालन्यात कावळे आहेत हे मला आधीही माहीत होतं. पण आता मी जुने फोटो काढून बघायला लागलो. भाजीवाल्या मावशींच्या मागे तारेवर कावळा. अंबडच्या बाजारात काढलेल्या बैलाच्या फोटोत, शिंगाच्या पलीकडे कावळा. गटाराच्या फोटोत तर दोन! गटाराचा सोडला तर सगळे हललेले, पण कावळा तो कावळाच. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत एक येऊन बसायला लागला. मी आत गेलो की उडायचा नाही. मान तिरकी करून बघायचा, 'म्हातारबुवा आहेत का घरात?' असं विचारल्यासारखा.

सुनंदानं अण्णांना जे मागतील ते द्यायला सुरुवात केली. पथ्य बंद. शिरा, भजी, तळलेली मिरची. अण्णा आधी खूश झाले, मग संशयानं बघायला लागले.

"परभ्या, मला काही झालंय का रे? डागदर काही बोलला का?"

"नाही अण्णा, बिलकुल नाही!" मी म्हणालो आणि माझा गळा दाटून आला. खोटं बोललो की माझा गळा दाटून येतो. अण्णांनी हातातलं भजं ताटात परत ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना ते सहज म्हणाले, "काल सपनात माही आई आल्ती. दारात उभी. म्हणली, चल. म्हणलं, थांब माय, दाढी राह्यलीय."

सुनंदानं खिडकीकडे बघितलं. खिडकीत कावळा होता. अण्णा अंघोळीला जाताच तिनं माझ्या हातात मोबाइल दिला. "लावा धावड्याला. आत्ताच्या आत्ता."

धावड्याला सोनाआत्या राहते. अण्णांची धाकटी बहीण. मला तर सगळं माहीतच होतं आणि पूजा नुसती हसली असती; म्हणजे रक्ताच्या नात्यात अण्णांसाठी रडण्याजोगं माणूस तेवढं एकच उरलं होतं, आणि नेमकं तेच रुसून बसलं होतं. आमच्या वास्तुशांतीचं आवतन आम्ही घरी जाऊन कुंकू लावून दिलं नाही, मोबाइलवर पाठवलं. (मी पाठवलं.) "मला काचंतून अक्षदा देता व्हय?" असं म्हणून आत्या आली नाही. अण्णा म्हणाले, "तिनं आधी बोलावं." आत्या म्हणाली, "त्यानं आधी बोलावं." तेव्हापासून दोघं भाऊबहीण एकमेकांच्या तब्येतीची चौकशी माझ्याकडे करायचे आणि 'मी इचारलं म्हणून सांगू नको' असं वर बजावायचे.

मी फोन लावला. पलीकडे कोंबड्यांचा आवाज येत होता.

"आत्या, मी परभाकर."

"बोल."

"आत्या... अण्णा..." माझ्यानं पुढे बोलवेना. सुनंदानं मला चिमटा काढला, इतका जोरात की डोळ्यांत खरंच पाणी आलं. "अण्णा गेले हो, आत्या!"

कोंबड्यासुद्धा गप्प झाल्या.

"कव्हा?"

"सकाळी."

"बरं," आत्या म्हणाली आणि फोन ठेवला.

सुनंदा कान लावूनच उभी होती. "रडल्या?"

"बरं म्हणाल्या."

"बरं म्हणजे?"

"बरं म्हणजे बरं. ठेवला फोन."

"अहो, बरं म्हणल्यानं कोणाचं मरण टळतं व्हय! रडायला पाहिजे! पुन्हा लावा, जल्दी!"

पुन्हा लावला. बंद. आत्याच्या मुलाचा, भगवानचा लावला. तो संपर्क क्षेत्राच्या बाहेर. बहीण भावासाठी रडली नाही. म्हणजे उतारा फुकट गेला आणि मरण तिथल्या तिथे. न्हाणीघरातून अण्णांचा गुणगुणण्याचा आवाज येत होता. तो थांबला की आम्ही दोघं एकमेकांकडे बघायचो. पुन्हा सुरू झाला की श्वास सोडायचो.

मी कॅमेरा घेऊन कोपऱ्यात बसलो. वाटलं, तो फोटो निदान पुसून तरी टाकावा. पुसायला गेलो आणि बोट चुकून पुढे सरकलं. दुसरा फोटो आला. हललेला, धूसर. त्यात अण्णा पाय खाजवायला खाली वाकले होते. टोपी पार गुडघ्यापाशी गेली होती.

कावळा मात्र वरच होता. तिथेच. जिथे मघाशी डोकं होतं तिथे, पांढऱ्या पोकळीत, कशावरही न बसता बसलेला!

माझ्या हातून कॅमेरा सुटला. डोकं नाही आणि कावळा आहे! बऱ्याच वेळानं मी कॅमेरा उचलला, एक डोळा झाकला आणि दुसऱ्यानं भीत भीत तिसरा फोटो बघितला. त्यात माझा हात इतका हलला होता की चौकटच वर सरकली होती, आणि कावळ्याच्या पायांखाली एक काळी, बारीक रेघ दिसत होती. भिंतीची कड.

मी अनवाणी धावत रफिकभाईंच्या दुकानाशी गेलो. बाकाच्या मागे, बऱ्याच अंतरावर, पांढरीशुभ्र भिंत होती. भिंतीवर मातीचं भांडं. भांड्यात पावाचे तुकडे. आणि भांड्याशेजारी तो!

"वो क्या?" रफिकभाई वस्तऱ्याला धार लावत म्हणाले. "वो तो रोज का गिऱ्हाईक है, सर. पाव खायला येतो. अन्ना बसते, तो बी बसतो."

असं होतं तर! अण्णा इकडे, कावळा तिकडे, मध्ये आख्खं अंगण. साबणाच्या वडीएवढ्या त्या कॅमेऱ्याला जवळचं-लांबचं काही कळत नाही. तो सगळ्यांना एकाच ओळीत, सारखंच ठळक उभं करतो. उन्हात भिंत पुसली गेली आणि कावळा अण्णांच्या टोपीवर येऊन बसला. म्हणजे अण्णांच्या मरणाचा प्रश्नच नव्हता. मीच ते भिंतीवरून उचलून त्यांच्या डोक्यावर आणून बसवलं होतं!

मी रफिकभाईंना सगळं सांगून टाकलं. (कबुली दिल्याशिवाय मला अन्न पचत नाही.) त्यांना कावळ्याचं काही वाटलं नाही, पण आत्याचं फार वाटलं.

"सगी बहन, आन् रडली न्हाई? तौबा! अन्नाको भेजो इधर. आज त्यांची फुकट खिदमत करतो."

आत्याला खरं सांगायला मी दुपारभर फोन लावत राहिलो. बंद. शेवटी सुनंदा म्हणाली, "जाऊ द्या. ज्यांना रडू आलं न्हाई, त्या काय येऊन राह्यल्या? रात्री सांगा." मला सुटल्यासारखं वाटलं आणि वाईटही वाटलं. अण्णांची एकुलती एक बहीण, आणि 'बरं' म्हणून मोकळी झाली! तेही माझ्या त्या आवतनामुळे.

इकडे रफिकभाईंनी अण्णांचे केस कापले, गुळगुळीत दाढी केली, आणि अत्तरात बुडवलेले कापसाचे बोळे दोन्ही कानांत घातले. अण्णा घरी आले, पुन्हा अंघोळ केली, घडीचं धोतर नेसले. उकाडा मरणाचा. (शब्दाबद्दल माफी असावी.) म्हणून बाहेरच्या खोलीत सतरंजीसुद्धा न घालता ते थंड फरशीवर उताणे झोपले आणि ओली पांढरी चादर डोक्यावरून घेतली. उन्हाळ्यात ते नेहमीच असं झोपतात.

दिवेलागणीला वीज गेली. अंधारात कुणाचा पाय पडू नये म्हणून सुनंदानं अण्णांच्या उशाशी दिवा लावून ठेवला. डास होते म्हणून मी उदबत्त्या लावल्या. तेवढ्यात स्टुडिओवाला पाय न वाजवता आत आला. दिव्यामागे भिंतीला टेकवून त्यानं फ्रेम ठेवली. मोठी होती. वर चंदनाचा हार.

"हार माझ्याकडून, सर. आन् तो कावळा काढून टाकला. बरं दिसत नव्हतं." जमिनीवरच्या चादरीला त्यानं हात जोडले आणि आला तसा गेला.

मी दारात उभा राहून खोलीकडे बघितलं. दिव्याची ज्योत हलत होती. भिंतीशी डोळे मिटलेले अण्णा, जमिनीवर चादरीखाली अण्णा. चादरीतून फक्त कानाशी कापूस दिसत होता. श्वासानं चादर हलतेय की ज्योतीनं सावली हलतेय, ते सांगता येत नव्हतं. यात कुणी एकानंही काही चुकीचं केलं नव्हतं. आणि माझा हात खिशातल्या कॅमेऱ्याकडे गेला, हेही मी इथे कबूल करतो.

त्याच वेळी गल्लीच्या तोंडाशी जीप थांबली.

आधी हंबरडा आला, मग आत्या आली. मागे भगवान, त्याच्या डोक्यावर फडक्यात बांधलेली मोठी टोपली. मागे धावड्याची पाचसहा माणसं.

"आत्या, ऐका, ऐका, मी काय सांगतो..."

"सर बाजूला! जिता व्हता तव्हा दाखवला न्हाई, आता कशाला आडवा येऊन राह्यला!" आत्यानं मला दाराच्या फळीवर आपटलं, फरशीवर बसली, चादरीवर डोकं टेकलं आणि हेल काढला.

"माझ्या दादा रंऽऽ! तुझ्यासाठी कैरीचं लोणचं घालून ठेवलं रंऽऽ! रोज म्हणत व्हते धाडीन, रोज म्हणत व्हते आधी त्यानं बोलावं रंऽऽ!"

"आत्या, अहो, खोटं आहे! मी खोटं बोललो!"

"गप बस! ह्यालाच काचंतून आवतनं धाडायची सवय रंऽऽ! दादाऽऽ, एवढ्याशा आवतनावर रुसून बसले मी रंऽऽ! चूक माहीच व्हती रंऽऽ!"

चादरीखालून आवाज आला, "पुन्हा म्हण."

तो आवाज ओल्या चादरीतून आल्यामुळे अण्णांचा वाटतच नव्हता. खोल आणि थंड. विहिरीतून यावा तसा. आत्याचा हेल हवेतच राहिला. दिवा फडफडला. चादर हळूहळू कमरेतून वाकून उठायला लागली, आणि कापसाचा एक बोळा कानातून निसटून आत्याच्या मांडीवर पडला.

धावड्याची माणसं खोलीत होती. पुढच्या क्षणी नव्हती. भगवान टोपली न सोडता पायरीवरून मागच्या मागे उडी मारून गटारात उभा राहिला. (हो, तेच गटार.) मी दाराच्या फळीमागे होतो. मला सगळं माहीत असूनही मी किंचाळलो.

"चूक कोणाची म्हणली, सोने?" अण्णांनी चादर डोक्यावरून काढली. "त्या कापसानं बराबर ऐकू येईना. पुन्हा एकदा म्हण."

आत्यानं त्यांच्याकडे बघितलं. त्यांच्या नाकासमोर हात धरला. श्वास लागला. मग हार घातलेल्या फोटोकडे बघितलं, आणि मग दोन्ही हातांनी अण्णांच्या पाठीत असे धपाटे घातले की वाचलेला माणूस पुन्हा जायचा.

"मेल्या! मेल्या! जिता हायेस व्हय रं, मेल्या!" आणि आता ती खरी रडायला लागली. मघाचं रडणं म्हणजे नुसती सुरुवात होती. अण्णा तिच्या डोक्यावर हात ठेवून बसले होते आणि त्यांचाही खालचा ओठ हलत होता.

मग तिनं डोळे पुसले आणि विचारलं, "ह्यो उद्योग कोणाचा?"

सगळ्यांची बोटं माझ्याकडे वळली. त्यात माझंही एक होतं. मी कॅमेरा काढला, तिन्ही फोटो दाखवले, भिंत समजावली, माफी मागितली. आत्याची, अण्णांची, भगवानच्या चपलेची.

"पण आत्या, तुम्ही फोनवर नुसतं बरं म्हणालात," सुनंदा म्हणाली.

"मंग? मी फोनवर आवतन घेत न्हाई, आन् फोनवर रडीन व्हय? रडायचं तर माणसासमोर बसून रडावं. म्हणून फोन बंद केला आन् जीप करून आले."

टोपलीत भाकरी आणि पिठलं होतं. मयताच्या घरी चूल पेटत नाही म्हणून सोयऱ्यांनी आणायचा कडू घास. एवढ्या भाकरी परत कुठे न्यायच्या? वीज आली, आम्ही सगळे फरशीवर ओळीनं बसलो, भगवान पाय धुऊन आला, आणि अण्णांनी स्वतःचा कडू घास पहिला उचलला. लोणच्याची बरणीही निघाली.

"पिठल्यात मीठ कमी हाय, सोने."

"रडता रडता कालवलंय. डोळ्यातलं खारं पाणी पडलं असंल म्हणून वरून घातलं न्हाई."

आत्या मुक्काम करून दुसऱ्या दिवशी गेली. अण्णा तिला बसस्थानकावर सोडायला गेले. हाराचा फोटो त्यांनी स्वतःच्या खोलीत लावून घेतला. रोज सकाळी त्याच्याकडे बघून म्हणतात, "ह्यो गेला, मी राह्यलो."

इथे खरं तर हे संपायला हवं होतं. पण मागच्या आठवड्यात मी रफिकभाईंच्या मागच्या भिंतीपाशी फोटो काढत होतो. वर कडुलिंबात घरटं आहे याची मला कल्पना नव्हती. पंखांचा वारा आला, डोक्यावर काहीतरी थंड आणि टोकदार टेकलं आणि क्षणभर तिथेच बसलं. भिंत नाही, ऊन नाही, अंतर नाही. डोकं माझं आणि कावळा खरा.

सुनंदा पांढरी पडली. मी म्हणालो, "मी भूगोलाचा शिक्षक आहे, असलं काही नसतं." पण माझा गळा दाटून आला, आणि त्यावरून मी खोटं बोलतोय हे तिला कळलं. (ज्याचं त्याला कळू द्यायचं नाही हा नियम तिथेच मोडला.) तिनं धावड्याला फोन लावला आणि खरोखरीचे हुंदके देत सांगितलं, "आत्या, हे गेले हो!"

"असं?" आत्या म्हणाली. "मागल्या बारीला फुकट जीप करून आले. आता भगवाननं मला मोठा मोबाइल घेऊन देलाय. आधी फोटो धाड, मंग रडते."

घरात फोटो काढता येणारा माणूस एकच. मी कॅमेरा स्टुलावर ठेवला, थांबून फोटो काढणारं बटण दाबलं आणि धावत जाऊन फरशीवर मेलो. सुनंदानं कॅमेऱ्याच्या पडद्याचा मोबाइलवर फोटो घेतला आणि धाडून दिला. आम्ही दोघं मोबाइलकडे बघत बसलो. खिडकीत कावळाही बसला. थोड्या वेळानं आत्याचा आवाज आला:

"परभाकर, फोटो हाललाय. नीट मर, आन् पुन्हा काढ."